घरच्या पवनचक्कीसाठी भंगारातून काय उचलायचं

इंदूरला लोहामंडीत किंवा कबाड्याकडे गेलात की आधी मोटर शोधायची (पात्यांनी फिरवली की तीच वीज बनवते), बाकी सगळं मग. कारचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, स्वस्त मिळतो पण घेऊ नका, त्याला बॅटरी चार्ज करायलाच हजारेक आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात, आपली पाती कुठे एवढी फिरणार! जुन्या ट्रेडमिलची परमनंट मॅग्नेटवाली (आत कायमचं लोहचुंबक असलेली) डीसी मोटर बेस्ट. लेबल वाचा, १८० व्होल्ट ४००० आरपीएम लिहिलं असेल तर ३०० आरपीएमला साधारण साडेतेरा व्होल्ट येतात, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी चार्ज व्हायला लागते, तेव्हा व्होल्ट जास्त आणि आरपीएम कमी असलेलीच उचला. तिथेच दोन्ही वायरी एकमेकींना जोडून शाफ्ट हाताने फिरवा, जड गेला तर माल चांगला, भिंगरीसारखा फिरला तर पुढच्या दुकानात चला. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून वीज नेणारे तुकडे) किती घासलेत तेही बघा, कबाडी काय, सगळं चालू आहे म्हणूनच सांगणार.

पात्यांना ६ इंची पीव्हीसी पाइप, प्लंबरकडे तुकडे पडलेले असतात, पण उन्हाने तडकलेला फुकटातही नको. नट-बोल्ट सियागंज बाजारातून. डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि फ्यूज मात्र नवेच घ्या, डायोड नसेल तर वारा पडल्यावर बॅटरीच मोटर फिरवत बसते.