चालू वेब अ‍ॅपवर कालतर्काचा पहारा कसा बसवावा

वेब अ‍ॅप चालू असताना त्याच्या वर्तनावर पहारा ठेवायचा असेल, तर आधी नियम नेमक्या शब्दांत मांडावा लागतो. ‘सत्र (म्हणजे एका वापरकर्त्याची एक भेट) सुरक्षित असावे’ हे यंत्राला तपासता येत नाही. ‘खासगी पान पाठवले जात असेल, तर त्या सत्रात आधी लॉगइन झालेले असावे आणि त्यानंतर लॉगआउट झालेले नसावे’ हे तपासता येते. घटनांच्या क्रमाविषयीचे असे नियम लिहिण्यासाठी कालतर्क, म्हणजेच टेम्पोरल लॉजिक, वापरतात. संगणकशास्त्रज्ञ आमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये प्रोग्रामच्या पडताळणीसाठी ते मांडले.

‘नेहमी’, ‘कधीतरी’ आणि ‘तोपर्यंत’ ही त्यातली भविष्याकडे पाहणारी पदे. चालू अ‍ॅपसाठी मात्र शक्य तिथे भूतकाळाकडे पाहणारी पदे वापरावीत, कारण त्यांचा निकाल त्याच क्षणी लागतो आणि जुना लॉग, म्हणजे घडून गेलेल्या घटनांची नोंद, सांभाळावा लागत नाही. वरच्या नियमासाठी प्रत्येक सत्रामागे ‘वैध’ नावाचा एकच बिट पुरतो. तो सुरुवातीला खोटा असतो. लॉगइनची घटना आली की खरा होतो, लॉगआउटची आली की खोटा होतो, आणि इतर कोणत्याही घटनेने बदलत नाही. खासगी पान पाठवण्याची घटना आली आणि बिट खोटा असला, की नियम मोडला. लॉगइन, पान, लॉगआउट, पान असा क्रम कागदावर चालवून पाहिला, तर चौथ्या घटनेला इशारा मिळतो.

‘पैसे जमा झाले की पावती कधीतरी जाईल’ हा नियम मात्र फसवा आहे. लॉग कितीही लांबला तरी तो मोडल्याचे सिद्ध होत नाही, कारण पावती पुढच्या क्षणी जाऊ शकते. पहारेकऱ्याचे, म्हणजे नियम तपासणाऱ्या प्रोग्रामचे, उत्तर ‘खरे’ किंवा ‘खोटे’ न येता ‘अजून सांगता येत नाही’ असेच राहते. म्हणून मुदत घालावी: पावती ३० सेकंदांत गेली पाहिजे. त्यासाठी स्वतंत्र टायमर लागतो, कारण नवी घटनाच आली नाही तर मुदत टळल्याचे पहारेकऱ्याला कळणार नाही.

घटना सर्व्हरच्या मिडलवेअरमध्ये, म्हणजे प्रत्येक विनंती ज्यातून जाते त्या मधल्या थरात, नोंदवाव्यात. ब्राउझरच्या घड्याळावर विसंबू नये. क्रमासाठी सर्व्हरने दिलेला अनुक्रमांक बरा. प्रत्येक घटनेसोबत सत्राचा किंवा व्यवहाराचा क्रमांक असावा, नाहीतर एकाचे लॉगआउट दुसऱ्याच्या खाती पडते. सत्र संपल्यावर त्याची स्थिती पुसावी. हे विसरले, तर स्मृती हळूहळू भरत जाते.

पहारा विनंतीच्या मार्गातच बसवला, तर चुकीचे पान अडवता येते, पण प्रत्येक विनंतीला थोडा वेळ जास्त लागतो; बाजूला बसवला, तर नुसता इशारा मिळतो. माझ्या मते नवा नियम आधी काही दिवस इशाऱ्यापुरताच ठेवावा, कारण अनेकदा चूक अ‍ॅपची नसून नियमाची निघते.

इशारा एकदाही न येणे हेही संशयास्पद मानावे. घटनेच्या नावात एक अक्षर चुकले, तर ‘असेल तर’ ही अटच कधी लागू होत नाही आणि नियम फुकटचा खरा ठरत राहतो. म्हणून ती अट किती वेळा लागू झाली याची गणती ठेवावी, आणि चाचणी सर्व्हरवर नियम मुद्दाम मोडून इशारा येतो का ते पाहावे.