शुद्धिपत्र डकवायचा सोमवार

आमचं वाचनालय सोमवारी बंद असतं. त्या दिवशी मी सकाळी दहाला कुलूप उघडते, चहाचा थर्मास टेबलावर ठेवते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवायला पाच संगणक सुरू करते. सहावा दिवसरात्र चालूच असतो. सगळ्यांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. सहाव्यावर कोहा चालतं, म्हणजे पुस्तकांची देवघेव आणि सूची. उरलेले पाच वाचनकक्षात, मुलांच्या भरतीच्या अर्जांसाठी. भाच्याने हे सगळं बसवून दिलं आणि तो नोकरीला पुण्याला गेला. पुढचं मी त्याच्याकडून फोनवर शिकले, आणि आता तालुक्यातल्या आणखी तीन ग्रंथपालांना फोनवरच सांगते. म्हणून इथल्या कमांडही तोंडाने सांगते तशाच लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून लिहायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, मालकाच्या अधिकाराने काम करायला; ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, प्रोग्राम आणून बसवणारं साधन; आणि दोन शब्दांमध्ये एक जागा मोकळी.

"अपडेट केलंत का?" असं मी विचारते. "हो, कालच केलं," असं उत्तर येतं. माझा त्यावर विश्वास बसत नाही, कारण या एका शब्दात तीन कामं दडलेली आहेत आणि बहुतेकांची गाडी पहिल्या किंवा दुसऱ्या कामावर थांबलेली असते.

पहिलं काम यादी आणण्याचं: सुडो ॲप्ट अपडेट. नाव फसवं आहे. याने एकही प्रोग्राम बदलत नाही, प्रकाशकाची ताजी सूची तेवढी घरात येते. दुसरं काम बसवण्याचं: सुडो ॲप्ट अपग्रेड. आणि तिसरं, जुनं चालू असलेलं थांबवून नवं चालू करण्याचं. त्याला ठरलेली एक कमांड नाही, म्हणून नेमकं तेच राहून जातं. कपाटात नवी प्रत लावली तरी वाचकाने घरी नेलेली प्रत जुनीच असते, तसं हे. २०१४च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या नेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्राममधलं हार्टब्लीड नावाचं भोक उघडकीला आलं. डेबियनची दुरुस्ती लगेच आली, पण ती बसवूनही ज्यांनी वेब सर्व्हर तसाच चालू ठेवला, त्यांच्या सर्व्हरच्या मेमरीतून माहिती गळतच राहिली.

अगदी सुरुवात मात्र यादी कुठून येते ते बघण्यापासून करा. ईटीसी फोल्डर, त्यात ॲप्ट फोल्डर, त्यात सोर्सेस-डॉट-लिस्ट ही फाइल. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, असेल तर तिथे तीन नावं दिसायला हवीत: नुसतं बुकवर्म, बुकवर्म-अपडेट्स आणि बुकवर्म-सिक्युरिटी. मधल्या नावाला भुलू नका. तिथे टाइमझोनचे बदल वगैरे येतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात त्या तिसऱ्यातून. माझ्या एका मैत्रिणीच्या वाचनालयात नेट नसताना डीव्हीडीवरून डेबियन बसवलं होतं. अशा वेळी इन्स्टॉलर सुरक्षेची ओळ लिहितो खरी, पण तिच्यापुढे हॅशचं चिन्ह मारून ठेवतो, म्हणजे ती ओळ असून नसल्यासारखी. बाई आठ महिने दर आठवड्याला इमानेइतबारे अपग्रेड करत होत्या आणि दर वेळी "शून्य पॅकेजेस", म्हणजे बसवायला नवं काही नाही, असं वाचून खूश होत होत्या. ते चिन्ह काढा, आणि सीडी-रॉम असा उल्लेख असलेल्या ओळीपुढे लावा. शून्य सलग तीन आठवडे आलं की मी खूश होत नाही, फाइल उघडते.

११ वरून १२ वर आलेल्यांनी आणखी एक बघावं. प्रोसेसरच्या दुरुस्त्या, म्हणजे मायक्रोकोड, १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर या नव्या विभागात गेल्या आहेत. जुनी ओळ तशीच ठेवली तर त्या गुपचूप बंद होतात.

आता यादी मागवली आणि लाल अक्षरांत "रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही" अशा अर्थाचं काही आलं, तर नेटला शिव्या देण्याआधी घड्याळ बघा. आमच्या क्रमांक दोनला हे नेहमी व्हायचं. मदरबोर्डवरची गोल बॅटरी संपली होती. लाइट गेली की यंत्राची तारीख बरीच वर्षं मागे जायची. डेबियनची यादी सही-शिक्क्याची असते, सहीवर तारीख असते, आणि २०१० मध्ये बसलेल्या यंत्राला आजची सही भविष्यातली वाटते. सीआर-२०३२ बॅटरी टाकली, प्रश्न मिटला. याच सहीमुळे फायली कुठल्या का सर्व्हरवरून येईनात, मध्ये कुणी फेरफार केला तर ॲप्ट त्या नाकारतं. नेटवर कुणी 'सही तपासू नको' असं ॲप्टला सांगायचा उपाय सुचवला तर तो मात्र करू नका.

यादी आल्यावर मी लगेच बसवत नाही. ॲप्ट लिस्ट, जागा, दोन डॅश आणि त्यांना चिकटून अपग्रेडेबल: काय काय आलंय ते दिसतं. इथे आवृत्तीच्या शेवटी डेब-१२-यू-३ असं शेपूट असतं, ते वाचायला शिका. एकदा संगणकाची कामं करणारे एक गृहस्थ आमच्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, तुमचं ओपनएसएसएच ९.२ आहे, जगात ९.८ आलं, तुम्ही धोक्यात आहात." ओपनएसएसएच म्हणजे दुरून संगणकात शिरायचा प्रोग्राम. हे जुलै २०२४ मधलं. त्यातलं भोक मूळ प्रकल्पाने ९.८ मध्ये बुजवलं होतं हे खरं. पण डेबियनने नवी आवृत्ती न आणता तेवढीच दुरुस्ती ९.२ मध्ये शिवली, आणि शेपटाचा आकडा यू-३ केला. ग्रंथपालांना हे समजावायला मला अर्धं मिनिट लागतं: पुस्तकाची नवी आवृत्ती काढली नाही, शुद्धिपत्र डकवलं. पान क्रमांक जुनेच, चूक दुरुस्त. नवी आवृत्ती म्हणजे नवे बदल आणि नव्या चुकाही. २०२४च्या मार्चअखेरीस एक्सझेड या फायली आवळणाऱ्या पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांमध्ये त्या पोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. जुनाट म्हणून नाक मुरडतात ती आमची यंत्रं त्या आठवड्यात निवांत होती. फायरफॉक्स मात्र अपवाद. त्याचं शुद्धिपत्र नसतं, त्याच्या ईएसआर, म्हणजे लांब मुदतीच्या, शाखेची सबंध नवी आवृत्तीच येते.

मग सुडो ॲप्ट अपग्रेड. काही पॅकेजेस "मागे ठेवली" असं ते म्हणालं तर सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड करावं लागतं, पण काय काढून टाकणार आहे ती यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नका. मध्येच कधी ते थांबून विचारतं: सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, माझी नवी ठेवू की तुमची जुनी? वाय म्हणजे त्याची, एन म्हणजे तुमची. नुसतं एन्टर दाबलं तर तुमची राहते. मी एकदा घाईत वाय दाबलं आणि कोहाचं कर्मचाऱ्यांचं पान उघडेना. अपाचे सर्व्हरच्या फाइलमध्ये भाच्याने ८०८० हा पोर्ट, म्हणजे त्या पानाचा दार क्रमांक, लिहिला होता तो गेला. दुपारभर देवघेव वहीत. संध्याकाळी भाच्याचा फोन लागला तेव्हा कळलं की जुनी फाइल फेकलेली नसते, तिच्याच शेजारी शेवटी डीपीकेजी-ओल्ड हे नाव लावून ठेवलेली असते. डी दाबलं तर दोन्हींतला फरक दिसतो. हल्ली मी आधी डी दाबते.

आता तिसरं काम. नीडरीस्टार्ट नावाचं छोटं पॅकेज एकदाच बसवून घ्या. प्रत्येक अपग्रेडनंतर ते सांगतं की अमुक सेवा अजून जुन्याच लायब्ररीवर (म्हणजे प्रोग्रामांच्या सामायिक फायलींवर) चालल्या आहेत, पुन्हा सुरू करू का. हो म्हणा. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला असेल तर मात्र यंत्रच रीस्टार्ट करायला हवं, त्याला पळवाट नाही. पडताळा असा: यूनेम, जागा, डॅश व्ही. उत्तराच्या शेवटी कंसात एक तारीख येते. चालू असलेला कर्नल कधीचा, ते तिथे कळतं. ही तारीख मी अपग्रेडआधी आणि रीस्टार्टनंतर अशी दोनदा वहीत लिहिते. कर्नल आला म्हणून सांगितलं आणि तारखा सारख्याच राहिल्या तर रीस्टार्ट झालेलंच नाही, कुणी काहीही सांगो. नव्या कर्नलवर यंत्र उठलं नाही तर घाबरू नका. सुरुवातीच्या ग्रब मेनूत दुसऱ्या ओळीतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल असतो, त्यावरून चालू करा. म्हणूनच नव्यावर यंत्र नीट उठल्याशिवाय सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह करून जुने कर्नल साफ करायची घाई करत नाही.

क्वचित रीस्टार्टही पुरत नाही. २००८च्या मे महिन्यात डेबियनला स्वतःचीच चूक कबूल करावी लागली: ओपनएसएसएलमध्ये त्यांनी २००६ साली केलेल्या एका बदलामुळे कुलपांच्या किल्ल्या जेमतेम बत्तीस हजारांच्या घरातल्याच बनत होत्या, म्हणजे सहज ओळखता येण्यासारख्या. पॅकेज दुरुस्त झालं तरी त्या काळात बनवलेल्या किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या. तेव्हा दुरुस्तीबद्दलच्या डेबियनच्या सूचनेचा मजकूर वाचा. डीएसए असं नाव आणि क्रमांक असलेल्या त्या सूचना बहुतेक वेळा छोट्याच असतात, पुढे काही करायचं असेल तर तिथे लिहिलेलं असतं.

हे सगळं आपोआप होतं की, असं मला सांगितलं जातं. होतं. अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज. कोहाच्या यंत्रावर ते मी लावलंय, कारण ते दिवसरात्र चालू असतं आणि त्याचं काम सकाळी सहाच्या सुमारास उरकतं. वाचनकक्षात नाही लावलं. ती यंत्रं सहा वाजता बंद असतात, मग राहिलेलं काम सकाळी दहाला चालू केल्या केल्या सुरू होतं. पोलीस भरतीचा अर्ज अर्धा भरलेला असताना फायरफॉक्स खालून बदलला की नवीन टॅबमध्ये 'आधी रीस्टार्ट करा' म्हणून अडून बसतो. शेवटच्या तारखेला हे एकदा झालं, आणि त्या मुलाचा चेहरा मी विसरलेले नाही. पाचही यंत्रांचं म्हणून हाताने, सोमवारी.

पाच यंत्रांनी तेच ते पाच वेळा उतरवायला आमच्याकडे नेट एवढं उदार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं सगळं. ॲप्ट-कॅशर-एनजी कोहाच्या यंत्रावर बसवलं आणि बाकीच्यांना ॲप्टचा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, म्हणून त्याचा पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट दिला. पहिलं यंत्र उतरवून घेतं, बाकीच्यांना घरातूनच मिळतं.

कोहाबद्दल एक. तो डेबियनच्या भांडारातून येत नाही, त्याच्या स्वतःच्या भांडारातून येतो. अनअटेंडेड-अपग्रेड्स त्याला मुळात हातच लावत नाही, आणि डेबियनच्या सूचनांत त्याचं नाव नसतं. बाहेरची ओळ तुम्ही सोर्सेसमध्ये घातली की तिची जबाबदारी तुमची. माझ्याकडे अशी एकच ओळ आहे. कोहाचं अपग्रेड महिन्याच्या पहिल्या सोमवारी, आणि आधी डेटाबेसची प्रत पेन ड्राइव्हवर घेतल्याशिवाय नाही.

मध्येच लाइट गेली तर? पावसाळ्यात हे होणारच. यूपीएसवर दहा मिनिटं मिळतात, आणि अपग्रेडला बारा लागतात असा माझा अनुभव. लाइट आल्यावर ॲप्ट म्हणतं, डीपीकेजीचं (पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाचं) काम अर्धवट राहिलंय. सुडो डीपीकेजी, जागा, दोन डॅश कॉन्फिगर, जागा, डॅश ए. मग पुन्हा सुडो ॲप्ट अपग्रेड. आजवर तीनदा हे झालं आणि तिन्ही वेळा यंत्र सावरलं. दुसरी तक्रार लॉकची: "लॉक मिळत नाही." याचा अर्थ दुसरं कुणीतरी तेच काम करतंय, बहुधा पार्श्वभूमीत. थांबा, चहा प्या. लॉकची फाइल पुसायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तो पाळलात तर दोघं एकाच रजिस्टरात एकाच वेळी लिहायला बसतील.

राहता राहिलं वय. डेबियनची आवृत्ती तीन वर्षं मुख्य सुरक्षा गट सांभाळतो, पुढची दोन वर्षं एलटीएस नावाचा वेगळा गट. बुकवर्म १० जून २०२३ ला आलं. म्हणजे पहिली तीन वर्षं जून २०२६ ला भरतात, आणि एलटीएस जून २०२८ अखेर संपतं. बुकवर्म म्हणजे पुस्तकी किडा. ग्रंथपालाला नाव आवडलं असतं, वाळवी आठवली नसती तर. त्याच्यानंतरचं १३, ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. पाच यंत्रं मी त्यावर नेईन, घाई नाही. क्रमांक चार नेता येणार नाही: तो ३२ बिटचा आहे, आणि ट्रिक्सीत तसल्या यंत्रांसाठी कर्नलच दिलेला नाही. बुकवर्मच्या दुरुस्त्या येताहेत तोवर तो अर्जांना बसेल. त्या थांबल्या की त्याला इंटरनेट नाही, फक्त कोहाच्या यंत्रापर्यंतची वायर. सूची शोधायला दारापाशी ठेवीन. पाटी आत्ताच लिहून ठेवली आहे.