थकलेल्या विश्वासाची मशागत: नव्या वर्षाच्या आरंभी काय करावे

नाताळची रोषणाई उतरते, 31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना होते, मध्यरात्री एकमेकांचे हात हाती घेऊन शुभेच्छा दिल्या जातात, पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) पुढे केलेल्या ताटातून बायबलमधल्या वचनाची एक चिठ्ठी उचलली जाते, आणि तरीही 1 जानेवारीच्या सकाळी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेताना मन जागचे हलत नाही. खानदेशातल्या अनेक ख्रिस्ती घरांत हा अनुभव आहे. तो बोलून मात्र कोणी दाखवत नाही, कारण मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची ती आनंदाची, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या शास्त्राच्या प्रतीत जपून ठेवलेल्या अशा चिठ्ठ्या बाहेर काढल्या. सात निघाल्या. एकीच्या कडेला हळदीचे बोट उमटलेले होते, दोन एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि सातांपैकी एकही वचन मला पाठ नव्हते. खूणफीत लेवीय या शास्त्रातल्या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात, शुद्ध-अशुद्ध प्राण्यांच्या यादीपाशी, कोण जाणे कोणत्या फेब्रुवारीपासून अडकून पडली होती. त्या सकाळी मला जे उमगले आणि त्यानंतर जे उपयोगी पडले, ते अशाच अवस्थेत असलेल्या वाचकासाठी येथे लिहीत आहे.

आरंभ संकल्पाने करू नये. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील अंजिराच्या झाडाचा दाखला आधी शांतपणे वाचावा. तो अवघ्या चार वचनांचा आहे. तीन वर्षे फळ न दिलेले झाड तोडून टाकावे असे मालक म्हणतो, आणि माळी विनवतो की एवढे एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणतो, खत घालतो. ज्याने लिंबाच्या किंवा केळीच्या बागेत स्वतः आळे केले आहे, त्याच्या एक गोष्ट लगेच ध्यानात येईल, ती अशी की माळी झाडाकडून कोणतेही वचन मागत नाही. खणणे त्याचे, खत त्याचे, विनवणीही त्याचीच. पुढे झाडाला फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. नवे वर्ष आपल्या निर्धाराच्या जोरावर उभे राहत नाही, ते कोणीतरी आपल्यासाठी मागून घेतलेले असते, असे मानून सुरुवात केली की छातीवरचे अर्धे ओझे उतरते. येथून पुढे सांगितलेल्या सगळ्या गोष्टी म्हणजे माती भुसभुशीत ठेवण्याचे उपाय आहेत. फळ आणण्याची जबाबदारी त्यात कोठेही नाही.

पहिल्या आठवड्यात नवीन काहीही अंगावर घेऊ नये आणि थकवा नेमका कोठे आहे ते पाहावे. आपल्याकडे जानेवारी हा विश्रांतीचा महिना नव्हे. कपाशीची शेवटची वेचणी उरकत असते, रात्रीची वीज असेल तर गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी देण्यासाठी कडाक्याच्या थंडीत शेतात उभे राहावे लागते, नंदुरबारच्या बाजूला मिरचीचा हंगाम चालू असतो, आणि भुसावळच्या रेल्वे कुटुंबांत तर रविवारची पाळी लागली की महिना-महिना उपासना चुकते. त्यावर नाताळची गीतफेरी, नाटकाची तालीम, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि मंडळीची वार्षिक सभा. अशा शरीराला प्रार्थनेत झोप येते, यात पाप कसले? एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागू लागला तेव्हा देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, त्याला खाऊ दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले; होरेब पर्वताची वाट त्यानंतर सुरू झाली. म्हणून या आठवड्यात वेळेवर झोपावे, आणि मंडळीतील तीन-चार जबाबदाऱ्या तुमच्याकडे असतील तर त्यांपैकी एक काही महिन्यांसाठी दुसऱ्या कोणाकडे सोपवण्याविषयी पाळकसाहेबांशी किंवा पाळकबाईंशी स्पष्ट बोलावे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक हरपली असेल, कशातच जीव रमत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

दुसरे काम आठवणीचे, आणि याला माझ्या मते सर्वाधिक वेळ द्यावा. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात, इफिसच्या मंडळीला प्रभू सांगतो की तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस, आणि त्यावर उपाय म्हणून तीन गोष्टी करायला लावतो: कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये पुन्हा कर. पूर्वीसारखे वाटून घे, असे तो कोठेही म्हणत नाही, कारण भावना आज्ञेने येत नाहीत. कृत्ये आज्ञेने करता येतात, आणि बहुधा भावना त्यांच्यामागून हळूहळू येतात.

ही आठवण कशी करावी? आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा विश्वास तिसऱ्या-चौथ्या पिढीचा आहे. नाव, गीते, रविवारचे कपडे आणि कबरस्तानातली जागा, सारे वारशाने मिळाले, आणि वारशाने मिळालेली वस्तू कशी मिळवली गेली हे मिळवणाऱ्यालाच ठाऊक असते. म्हणून जानेवारीतल्या एखाद्या दुपारी घरातल्या किंवा भावकीतल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ, आजी असेल तर फार उत्तम, उन्हात जाऊन बसावे आणि विचारावे की आपल्या घरात हा विश्वास आला कसा, पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला, तेव्हा गावाने काय केले, विहिरीवर पाणी भरू दिले का, लग्ने कशी जमली. मध्ये बोलू नये. घरी परतल्यावर जे ऐकले ते वहीत तारीख घालून लिहावे. त्याखाली स्वतःविषयी लिहावे: प्रभूवर आपले प्रेम खरेखुरे होते तो काळ कोणता, आणि त्या काळात आपण रोज किंवा दर आठवड्याला नेमके काय करत होतो. उत्तर फार साधे निघते. माझे निघाले ते असे की मी शेजारच्या एका आजारी काकूंना रोज संध्याकाळी एक गीत म्हणून दाखवत असे. त्या गेल्यावर मी गाणेही सोडले, आणि गाणे सुटल्याचे मला कधी जाणवलेच नव्हते. अशा पहिल्या कृत्यांतले एकच निवडून ते पुन्हा सुरू करावे.

वाचनाबाबत थोडा हिशेब मांडतो. संपूर्ण शास्त्रात 66 पुस्तके आणि 1189 अध्याय आहेत. वर्षभरात ते पुरे करायचे तर रोज तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचावे लागतात. ताज्या मनाला हे जमते. थकलेले मन उत्पत्ती आणि निर्गम उत्साहाने ओलांडते आणि लेवीयमध्ये बसून राहते, माझी फीत बसली होती तशी. त्याऐवजी नव्या कराराचे 260 अध्याय धरावेत. आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर 52 आठवड्यांत ते नेमके पुरे होतात, आणि दोन दिवस चुकण्यासाठी मोकळे राहतात. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करावी, त्याचे सोळाच अध्याय आहेत आणि त्याची चाल वेगवान आहे. राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून भरून काढू नये. थकबाकी साठली की शास्त्र उघडणेच कर्ज फेडण्यासारखे होते. मोठ्याने वाचावे. फार ओळखीच्या वचनांवरून डोळा घसरतो, तेव्हा दुसरे भाषांतर हाती घ्यावे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले, त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर साध्या माणसांना समजावे याच तळमळीने केलेले आहे, आणि ते कोणाकडे जुने जपलेले असेल तर काही दिवसांसाठी मागून आणावे.

प्रार्थनेविषयी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपण घरात अहिराणी, मावची किंवा भिली बोलतो आणि डोळे मिटले की 'हे दयाळू स्वर्गीय बापा' अशी ग्रंथातली मराठी सुरू करतो. मंडळीसमोर ते योग्यच आहे, कारण सामुदायिक प्रार्थनेला सर्वांची भाषा लागते. पण एकांतात, जीव थकलेला असताना, पाठ झालेली वाक्ये आपोआप वाहत जातात आणि मन कोठेतरी दुसरीकडेच असते. अशा वेळी आईजवळ ज्या बोलीत रडलो त्या बोलीत बोलावे. 'बापा, मना जीव थकी गया' एवढे म्हणून पाच मिनिटे गप्प बसले तरी ती पूर्ण प्रार्थना आहे. तेवढेही सुचत नसेल तर स्तोत्रसंहितेतून शब्द उसने घ्यावेत. तेराव्या स्तोत्रात 'कोठवर?' असा प्रश्न दाविदाने पुन्हा पुन्हा विचारला आहे, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याच्या शेवटी दिलासा नाही; तरीही ते शास्त्रात आहे, म्हणजे असे बोललेले देवाला चालते. गाण्याचेही तसेच. कवी ना. वा. टिळकांनी (1861-1919) ख्रिस्ताची भक्ती अभंगांच्या आणि भजनांच्या चालीत आणली, म्हणून ती गीते चूल पेटवताना किंवा मोटारसायकलवरून शेतात जाताना पुटपुटता येतात. एक गीत निवडावे आणि महिनाभर तेच म्हणावे.

माणसांचे काम सर्वांत अवघड आहे. पुष्कळांचा विश्वास देवामुळे थकलेला नसतो. मंडळीतल्या गटबाजीने, जागेच्या वादाने, कमिटीच्या निवडणुकीत बोलल्या गेलेल्या शब्दांनी तो थकवलेला असतो. एका मंडळीत अशाच वादानंतर मी वर्षभर मागच्या बाकावर बसत होतो, आशीर्वादाचे शब्द संपण्याआधी उठून जाण्यासाठी. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातले वचन मला तोंडपाठ होते आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे अशा एकाच माणसाला पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी भेटावे, आणि ही भेट प्रार्थनासभेत ठेवू नये. थंडीचे दिवस आहेत, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात आहेत, भरिताला बोलवावे. कळण्याची भाकरी एकाच ताटातून मोडताना जुना विषय निघाला तर आपली चूक आपण आधी सांगावी, आणि नाहीच निघाला तरी भेट वाया गेली असे समजू नये. मी बोलावलेला माणूस पहिल्यांदा आलाच नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा निरोप धाडला, तेव्हा आला.

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागांतली अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा इतर मजुरीसाठी या दिवसांत गुजरातेत गेलेली असतात, आणि गावातली उपासना म्हातारी माणसे व लहान मुले यांच्यावर येऊन ठेपते. बाहेर गेलेल्यांनी पडावावर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या वस्तीवर, दोन कुटुंबे मिळून आठवड्यातून एकदा वीस मिनिटे बसावे, एक स्तोत्र वाचावे; गावातल्यांनी ठरलेल्या वारी त्यांना फोन करून नाव घेऊन प्रार्थना करावी. दोघा-तिघांच्या सभेत उभे राहण्याचे प्रभूचे आश्वासन पडावालाही लागू आहे.

ज्यांना वर्षारंभी काही औपचारिक करावेसे वाटते त्यांच्यासाठी एक जुनी वाट आहे. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये कराराच्या, म्हणजे देवाशी केलेल्या कराराच्या, नूतनीकरणाची उपासना सुरू केली आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही बहुधा वर्षाच्या आरंभी होते. तिच्यात संकल्पांची यादी नसते; मी आता माझा नाही, तुझा आहे, मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, अशा अर्थाने मनुष्य स्वतःला देवाच्या हाती देतो, आणि ते सर्वांबरोबर, एका आवाजात. आपल्या पाळकसाहेबांना विचारून जानेवारीतल्या एखाद्या रविवारी असे करता येईल.

एवढे सुरू केल्यावर पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टरपर्यंत) स्वतःची तपासणी करू नये. तोवर गहू निघालेला असेल. त्या सुमारास वही उघडून आजीच्या गोष्टीखाली दोन ओळी लिहाव्यात: निवडलेले कृत्य चालू आहे का, आणि ते करताना कोणाचे तोंड आठवते. बंद पडले असेल तर त्याच दिवशी पुन्हा धरावे आणि खंड किती दिवसांचा पडला ते मोजू नये. या वर्षी उचललेली चिठ्ठी शास्त्रात न ठेवता पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावी. डबा दिवसातून दोनदा तरी उघडतो.