घाटात मांड्या भरून येतात? आधी श्वास बघा

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट सायकलने चढताना मांड्या भरून आल्या की सगळे पायांनाच दोष देतात. पण धाप लागते तेव्हा श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायूही राबत असतात. पूर्ण जोर लावला की हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के त्यांनाच लागू शकतं. ते थकायला लागले की शरीर पायांच्या रक्तवाहिन्या आवळतं आणि मांडीला प्राणवायू कमी पडतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर हे दिसत नाही. तो धमनीतल्या रक्ताचं सांगतो, मांडीचं नाही.

म्हणून चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा. हँडलवरची मूठ सैल, खांदे खाली. पोट फुगेल असा श्वास घ्या, पूर्ण सोडा. तोकड्या, घाईच्या श्वासात मेहनत जास्त आणि कामाची हवा कमी. कमरेचा पट्टा पोटाला आवळत असेल तर ढिला करा, हे फार जण विसरतात. जोराच्या चढाला नुसत्या नाकाने श्वास घ्यायचा हट्ट नको, तोंड उघडा. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत वर पोचा, कारण तापलेल्या अंगात त्वचेलाही रक्त लागतं. छातीत दुखलं तर मात्र तिथेच उतरा आणि लगेच डॉक्टर गाठा.