युरोपात ट्रक चालवायला येताय? या चुका टाळा

आपल्याकडून येणारी पोरं गाडी चांगली चालवतात. घाट, गर्दी, रात्रीचा प्रवास, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. घोळ होतो तो क्लीनर नसल्यामुळे. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा, टायरवर हातोडी मारून बघणारा, माल आवळणारा माणूस इकडे गाडीवर नसतो. ती सगळी कामं तुमची, आणि त्यासाठी केबिनमधून खाली उतरावं लागतं. पाऊस असो, बर्फ असो, उतरावंच लागतं. नव्या पोरांना मी बरीच वर्षं सोबत घेऊन फिरतोय. निम्म्याहून जास्त चुका न उतरल्यामुळे होतात.

ट्रेलर जोडताना खाली न उतरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त चीड आणते. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) ट्रेलरखाली घातला, खट् आवाज आला, गिअर टाकून पुढे एक हिसका दिला, ट्रेलर हलला नाही, म्हणजे लागला असं समजून निघायचं. मी स्वतः हेच केलंय, म्हणून सांगतो.

इकडे येऊन मला दुसरा महिना होता. पहाटेचे चार, पाऊस धो धो. आधीच्या ड्रायव्हरने ट्रेलर सोडताना त्याचे पुढचे पाय, म्हणजे टेकू, जरा जास्तच उंच ठेवले होते. मी मागे घेताना उंची बघितली नाही. ट्रेलरखालची पिन, म्हणजे किंगपिन, घोड्यावरच्या प्लेटच्या (फिफ्थ व्हीलच्या) जबड्यात जायच्या ऐवजी वरच्या वर पुढे सरकली आणि तिथेच अडकून बसली. मला ऐकू आला तो आवाज पिन लॉक झाल्याचा नव्हता, लोखंडावर लोखंड आपटल्याचा होता. हिसका दिला तर ट्रेलरने धरून ठेवलं. एअरचे पाइप लावायला उतरलोच होतो, पाय वर केले, पण टॉर्च घेऊन प्लेटखाली वाकलो नाही. अंगावर पाणी गळत होतं, एवढंच कारण.

फाटकाबाहेरच्या पहिल्याच वळणावर मागून कुणीतरी गाडी ओढल्यासारखं झालं. पाइप तुटले, हवा फुसकन सुटली, ट्रेलरचे ब्रेक जागच्या जागी लागले आणि बावीस टन कागदाची रिळं भरलेलं ट्रेलरचं नाक घोड्याच्या चेसिसवर येऊन आदळलं. मागचे मडगार्ड चेपले, लाइटी फुटल्या. त्या वेळी रस्त्यावर एकही माणूस नव्हता. तासाभराने त्याच वळणावरून कामगार सायकली घेऊन जातात. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. मागे घ्यायच्या आधी उतरून दोन गोष्टी बघतो: ट्रेलरचा पार्किंग ब्रेक लागलाय का, आणि ट्रेलरची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा किंचित खाली आहे का. ती वर असेल तर पाय फिरवून खाली घेतो, मगच मागे येतो. जोडल्यावर हलका हिसका देतो, हँडब्रेक ओढतो, इंजिन बंद करतो आणि टॉर्च घेऊन वाकतो. जबडा पिनेभोवती बंद दिसला पाहिजे. दोन प्लेटांमध्ये फट नको. हँडल पूर्ण आत गेलंय आणि सेफ्टी क्लिप लागलीय, हे हाताने चाचपून बघतो, नुसत्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. मग पाइप: लाल म्हणजे हवेचा पुरवठा, पिवळा म्हणजे पायब्रेक. मग इलेक्ट्रिक आणि ईबीएसच्या (इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या) केबल. पाय वर, ट्रेलरचा ब्रेक मोकळा, सगळ्या लाइटींवर एक नजर. सगळं धरून दहा मिनिटं लागतात. "दादा, हिसका दिला की कळतं" असं कुणी म्हणालं, तर त्याला मी त्या दिवशी स्टिअरिंग देत नाही.

जेवायला थांबून परत आलो तरी हँडल पुन्हा बघतो. पार्किंगमध्ये ते कुणीही ओढू शकतो.

टॅकोला शत्रू समजणं

टॅकोग्राफ म्हणजे ड्रायव्हरचं कार्ड घातलं की त्याचे चालवण्याचे, कामाचे आणि विश्रांतीचे तास नोंदवणारं यंत्र. तो मालकाचा हेर, असं डोक्यात घेऊन बरेच जण येतात. माझा अनुभव उलटा आहे. डिस्पॅचर (ऑफिसातून फेऱ्या लावणारा माणूस) फोनवर "अजून एक तास चालव" म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणायची ताकद मला टॅकोच देतो.

आकडे पाठ पाहिजेत. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. आठवड्याला ५६, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. रोजची विश्रांती ११ तास. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये जास्तीत जास्त तीनदा ती ९ वर आणता येते. ४५ मिनिटांचा ब्रेक तोडायचा असेल तर आधी १५ आणि नंतर ३०. उलटं चालत नाही, आणि इथेच पोरं फसतात.

मागच्या हिवाळ्यात सोबत एक पोरगा होता, हुशार, जरा घाईचा. गोदामाच्या रांगेत तो ब्रेकवर उभा होता, ४० मिनिटं झाली होती. गेटवरच्या माणसाने हात केला, "गाडी दहा मीटर पुढे घे." याने घेतली. परत येऊन म्हणतो, आता पाचच मिनिटं राहिली. राहिली नव्हती. ब्रेक मोडला होता. त्या ४० मिनिटांची किंमत आता पहिल्या पंधरा मिनिटांएवढीच, पुढे सलग तीस मिनिटं आणखी थांबणं आलं. तो अनलोडिंगची वेळ चुकू नये म्हणून तसाच निघायला बघत होता. मी किल्ली काढून घेतली. गेटवरच्या माणसाला नम्रपणे "ब्रेक चालू आहे, पाच मिनिटं" एवढं सांगता आलं असतं. मी तर ब्रेकवर असताना टॅकोतून निघालेला कागद काचेला लावून ठेवतो, म्हणजे बोलायचीही गरज पडत नाही.

दुसरा घोळ बटणाचा. गाडी थांबली की टॅको आपोआप हातोड्यांवर जातो, म्हणजे 'दुसरं काम'. पलंगाचं चिन्ह तुम्ही स्वतः दाबायचं. रात्रभर झोपलात आणि दाबायला विसरलात, तर रेकॉर्डवर तुम्ही रात्रभर काम केलंय. असं झालं तर ताबडतोब प्रिंटआउट काढा, मागे हाताने खरं काय झालं ते लिहा, सही करा, जपून ठेवा. प्रिंटवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, घड्याळाशी जुळली नाही म्हणून घाबरू नका. तपासणीत आजचा दिवस आणि मागचे ५६ दिवस बघतात. २०२४ च्या शेवटापर्यंत २८ बघायचे. म्हणजे आजची चूक दोन महिने तुमच्यासोबत फिरते.

दुसऱ्याचं कार्ड घालून चालवणं, सेन्सरला लोहचुंबक लावणं, यावर मी चर्चाही करत नाही. मालक सांगत असेल तर मालक बदला.

पार्किंग उशिरा शोधणं

जर्मनीत संध्याकाळी सहा-सातनंतर हायवेवर जागा मिळणं कठीण. साडेचार तास संपायला दहा मिनिटं उरली असताना जागा शोधायला लागलात तर उतारावर, बाहेर पडायच्या रस्त्यावर उभं राहावं लागतं. मागून येणाऱ्याला तुम्ही शेवटच्या क्षणी दिसता. मी साडेतीन तास झाले की मिळेल त्या बऱ्या जागी आत शिरतो. एक तास वाया गेला असं वाटतं, वाटू दे.

रविवारी रात्री दहापर्यंत जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकना बंदी असते, स्वित्झर्लंडमध्ये रोज रात्री दहा ते पहाटे पाच. शनिवारी कुठे थांबायचं हे शुक्रवारी ठरवा. आणि ४५ तासांची साप्ताहिक सुट्टी केबिनमध्ये काढायला मनाई आहे. राहायची सोय आणि तिचा खर्च मालकाचा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवायची सवय इकडे येण्याआधीच सोडा. आल्प्समधल्या ब्रेनरसारख्या लांब उतारावर खालचा गिअर आणि रिटार्डर (पायब्रेक न वापरता वेग रोखणारी यंत्रणा). मात्र रस्ता ओला किंवा बर्फाळ असेल तर रिटार्डर बंद. मागची चाकं घसरली की गाडी कात्रीसारखी दुमडते.

फोनवरचा कारचा नकाशा वापरू नका. गाडी चार मीटर उंच आहे, हे त्याला माहीत नसतं.

निळ्या झाकणाची टाकी अ‍ॅडब्लूची, म्हणजे धूर साफ करायच्या द्रवाची. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलंत तर किल्ली फिरवू नका, फोन करा.

सीएमआरवर (मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदावर) पॅलेट मोजल्याशिवाय सही नको. मोजू दिलं नाही तर १८ व्या रकान्यात तसं लिहा, मग सही.

भारतीय हेवी लायसन आणि वर्क परमिट एवढ्यावर कुणी गाडी देत नाही. लायसनवर सीई वर्ग (ट्रेलरसह जड ट्रक) आणि कोड ९५ (व्यावसायिक ड्रायव्हरची पात्रता असल्याची नोंद) लागतोच. ते कोण करून देणार, खर्च कुणाचा, हे निघण्याआधी लेखी घ्या. पगारात मूळ पगार किती आणि प्रवासभत्ता किती तेही विचारा. आजारी पडून घरी बसलात की भत्ता थांबतो. एजंट ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर) नोंदलेला आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. लाखांत मागणाऱ्याला पावती मागा, तो पावती देणार नाही, तिथूनच परत फिरा.

आणि डॉकला (माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्याला) मागे घेताना पहिल्या फेरीत लागलं नाही तर लाजू नका. मागे कुणी हॉर्न वाजवला तरी थांबा, खाली उतरा, उजवा मागचा कोपरा चालत जाऊन बघा, परत चढा, पुढे घेऊन सरळ करा. मी आजही एकेका डॉकला तीनदा उतरतो.