पॅरिसमध्ये स्टाज (इंटर्नशिप) करायचाय? 'दोन महिन्यांचा' कागद नीट वाचा

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे मेसेज येतात, "दादा, पॅरिसला मिशेलिन स्टारवाल्या किचनमध्ये शिरायचंय, काय करू?" ब्रिगेड, मीज आँ प्लास, कॉमी, शेफ द पार्ती हे किचनचे फ्रेंच शब्द, सगळं तुम्हाला कॉलेजात पाठ झालेलं असतं, ते परत सांगत नाही. सरळ कराराकडे येतो. माझी वाट तिथेच लागली होती.

फ्रान्समध्ये स्टाज करायचा तर तुमचं कॉलेज, रेस्टॉरंट आणि तुम्ही असा करार लागतो. शिक्षण संपलं की हा करार होत नाही. "आधी ये, कागद नंतर बघू" असं कुणी म्हटलं तर विमानाचं तिकीट काढू नका, विषय संपला. भारतातल्या कॉलेजातून थेट येणार असाल तर तिथल्या सरकारी खात्याची मंजुरी आधी, व्हिसा नंतर. याला वेळ लागतो, म्हणून घाई करणाऱ्या शेफपेक्षा कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या मॅडमच्या मागे लागा.

आता खरी मेख. एका ठिकाणचा स्टाज दोन महिन्यांच्या वर गेला की स्टायपेंड देणं सक्तीचं आहे. दोन महिने म्हणजे ३०८ तास: रोजचे ७, महिन्याचे २२ दिवस. ३०९वा तास लागला की पैसे पहिल्या तासापासूनचे द्यावे लागतात. २०२५ मध्ये किमान दर ताशी ४.३५ युरो होता, म्हणजे पूर्ण महिन्याचे साधारण ६७० युरो. पॅरिसमध्ये एवढ्यात भागत नाही, पण शून्यात तर अजिबातच भागत नाही.

म्हणून काही जण बरोब्बर दोन महिन्यांचा करार पुढे करतात. माझा तसाच होता. तो संपत आला तेव्हा सू-शेफने, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालच्या दुसऱ्या शेफने, खांद्यावर हात ठेवला, "काम चांगलंय, अजून दोन महिने थांब, नवा कागद करू." मी हवेत. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. नव्या कागदातही स्टायपेंडपुढे रेघ, कारण काय, तर 'हाही दोनच महिन्यांचा'. असं चालत नाही. एकाच शैक्षणिक वर्षात, एकाच ठिकाणचे सगळे कागद एकत्र मोजतात, मध्ये खंड पडला तरीही. कागद दोन करा नाहीतर चार करा, तासांची बेरीज एकच. मला हे कळेपर्यंत दुसरा करारही संपत आला होता आणि मी घरून पैसे मागवत होतो. एका ठिकाणी वर्षात सहा महिन्यांहून जास्त स्टाज होत नाही, हेही ध्यानात ठेवा. रोजचे तास वहीत लिहा, तारखेसकट. मेट्रोच्या पासचे निम्मे पैसेही त्यांनीच द्यायचे असतात, ते मागायला लाजू नका.

हे वाचून घाबरायचं कारण नाही. सरळ वागणारी किचन्स भरपूर आहेत आणि तिथे जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळणार नाही. पहिले काही आठवडे तुम्ही शॅलट (छोटे कांदे) कापाल नाहीतर चर्व्हिल या कोथिंबिरीसारख्या नाजूक भाजीची पानं खुडाल. चर्व्हिलचं एकेक पान देठापासून सोडवून ओल्या कागदावर मांडायचं, काळं पडलेलं बाजूला. शॅलट बोथट सुरीने कापला तर चेचला जातो, पाणी सुटतं आणि कडवट होतो. आमचा शेफ द पार्ती, म्हणजे सेक्शनचा प्रमुख, बोटाने दाबून बघायचा आणि पसंत नसेल तर न बोलता अख्खा डबा स्टॉकच्या पातेल्यात उपडा करायचा. खरा गुरू हाच. ज्याच्यासोबत फोटो काढायला तुम्ही मरताय तो मोठा शेफ दिवसातून दोनदा पासवर, म्हणजे ताटं बाहेर जातात त्या कट्ट्यावर, दिसतो. भांडी घासणाऱ्या श्रीलंकन तमिळ अण्णांशीही दोस्ती ठेवा. कुठल्या किचनमध्ये पगार वेळेवर होतो हे त्यांना माहीत असतं, शिवाय ला शापेल या तमिळ दुकानांच्या भागात कढीपत्ता कुठे ताजा मिळतो तेही.

पुण्या-मुंबईचे स्टाज मिळवून देणारे कन्सल्टंट माझ्या मते पैसे खाण्याचा धंदा आहे. ते पाठवतात तोच ईमेल तुम्ही पाठवू शकता. मोडकं का होईना, फ्रेंचमध्ये लिहा. ऑगस्टमध्ये सुरुवात करू नका, अर्धं पॅरिस सुट्टीवर असतं.

"मी शाकाहारी, जमेल का?" हा नेहमीचा प्रश्न. शेफ आलाँ पासार यांच्या पॅरिसमधल्या आर्पेज रेस्टॉरंटने २००१ मध्ये लाल मांस बंद केलं आणि २०२५ मध्ये मासे, अंडी, दूधही काढलं. मध तेवढा राहिला. पण अशी जागा विरळा. बाकी बहुतेक ठिकाणी सॉस चाखायला नकार दिलात तर त्या सेक्शनला तुमचा नंबर लागणार नाही. हे घरून निघण्याआधीच ठरवा.

खोली बघताना भाड्याआधी मेट्रोची लाइन बघा. दुपारी दोनेक तासांची सुट्टी असते, लांब राहणारा ती बाकड्यावर काढतो. रात्री साफसफाई होईपर्यंत साडेबारा वाजतात आणि एरवी मेट्रो सव्वाच्या सुमारास बंद होते, शुक्रवार-शनिवारी सव्वादोनला. मध्ये गाडी बदलावी लागली तर दुसरी हमखास चुकते, मग नोक्तिलियँची रात्रीची बस धरा. थोडी लांब चालेल, पण खोली किचनच्याच लाइनवर घ्या.