ओरडायच्या आधी उठा

कुकरची तिसरी शिट्टी होत होती, पोळी तव्यावर होती आणि ओवी हॉलमध्ये तांब्यातलं पाणी फरशीवर ओतत होती. ओट्यापाशी उभ्या उभ्या मी तीनदा म्हटलं, "ओवी, नको!" तिने तीनदा माझ्याकडे बघितलं आणि ओतत राहिली. चौथ्यांदा मी इतक्या जोरात ओरडले की तिने दोन्ही हात कानांवर ठेवले. अडीच वर्षांचं पोर! रात्री मला झोप लागेना. आठवत गेले तसं जाणवलं, मी ओरडते ती बहुतेक वेळा लांबून, हातातलं काम न सोडता. उठून तिच्याजवळ गेले की आवाज आपोआप खाली येतो.

तेव्हापासून पहिलं काम गॅस बारीक करायचं. हात पुसायचे, तिच्यापाशी जायचं, उकिडवं बसायचं. तिची नजर आपल्याकडे वळली की मग बोलायचं, तेही तीन-चार शब्द. "पाणी बादलीत ओतायचं." नुसतं "नको" म्हटलं तर मग करायचं काय, हे त्या जिवाला कळत नाही. बोलताना तांब्याच्या हातावर आपला हात ठेवायचा. हिसकायचं नाही, फक्त थांबवायचं. मग दोघींनी फरशी पुसायची, एक फडकं तिचं, एक माझं. ती पुसते कमी आणि पसरवते जास्त, तरी पुसू द्यायचं. नंतर बाथरूममध्ये बादली आणि वाटी द्यायची. पाणी ओतायची हौस खरी असते, ती तिथे भागते.

हात धरावा लागतो, कारण या वयात "नाही"चा अर्थ कळतो, पण चालू असलेला हात आवरता येत नाही. स्वतःला आवरायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. ओवी मला मुद्दाम छळते असं मी धरून चालले होते, आणि माझा निम्मा राग त्यातूनच यायचा.

बागेतून निघताना "पाच मिनिटांत जाऊ" म्हणू नका. पाच मिनिटं म्हणजे किती, हे तिला कुठून कळणार? "आणखी दोनदा घसरगुंडी, मग घरी," असं दोन बोटं दाखवून सांगा. दोनदा झालं की निघायचं, तिसऱ्यांदा नाही. ओवी भोकाड पसरते, मातीत लोळते, बाकावरच्या बायका बघतात. बघू देत. अशा वेळी समजावण्यात अर्थ नसतो, रडण्यात तिला काही ऐकूच येत नाही. मी शेजारी बसते आणि एवढंच म्हणते, "राग आला ना? अजून खेळायचं होतं." रडू ओसरलं की कडेवर घेऊन चालू लागते. बिस्किटाचं आमिष दाखवत नाही, नाहीतर उद्या बिस्किटासाठीच रडणं सुरू होईल.

मारायला किंवा चावायला आली तर थोपवून धरायचं आणि सांगायचं, "मारू देणार नाही." उलट चापट अजिबात नाही. बागुलबुवा, पोलीस, "डॉक्टर सुई टोचतील" हेही बंद करा. दीड वर्षाच्या बूस्टरला ओवी दवाखान्याच्या पायरीपासून थरथरत होती. ती भीती आम्हीच घातली होती, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घरात आजी असेल तर आधी तिच्याशी बोला, मुलासमोर नको. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, गॅस, रस्ता आणि मारणं, या तिन्हींत आपण सगळे एकच बोलू. बाकी लाड तुम्ही करा." त्यांना ते पटलं. जास्तीचा लाडू मग मीही मोजत नाही.

आमचा सगळ्यात कठीण तास संध्याकाळी सात ते आठ. डोंबिवलीला लोकलमधून उतरून मी दमून घरी येते आणि ओवीची दुपारची झोप हुकलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३. ओवीची मोजली तर जेमतेम नऊ तास भरली! आता दुपारी आजी तिला घेऊन पडतात. मी आल्या आल्या पर्स ठेवते, तिला केळं देते, दहा मिनिटं मांडीवर घेते आणि मगच ओट्याकडे वळते.

तरी एखाद्या दिवशी ओरडले जातेच. मग जवळ बसून सांगते, "आई ओरडली. चुकलं माझं." त्याला "पण तू ऐकत नव्हतीस" हे जोडायचं नाही.

तांब्याचं म्हणाल तर दुसऱ्या दिवशीही पाणी फरशीवरच गेलं, तिसऱ्या दिवशीही. तीनेक आठवडे मी रोज गॅस बारीक करत होते. मग एका संध्याकाळी ओवी भरला तांब्या दोन्ही हातांत धरून ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "बादली."